गावाचे सुख आणि मोकळी जागा
(देवालयाच्या जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा सारांश)



देवालयाचा जीर्णोद्धार झाला, कळस चढला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु गावाचे सुख कळसाखालच्या मोकळ्या जागेत नांदते. पारावर म्हातारी माणसे टेकतात, पटांगणात पोरे खेळतात, लग्नकार्ये आणि गावबैठकी तेथेच होतात. ही जागा गेली की घरे राहतात, गाव राहत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील कलम २२ पाहावे. गुरचरण, गावठाण, खळवाडी, बाजार, दफनभूमी अशा कामांसाठी जमीन नेमून देता येते; एकदा नेमली की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून ती दुसऱ्या कामी लावता येत नाही. सर्वांच्या सोयीची जागा कोणा एकाच्या मर्जीवर सोडू नये, हाच त्याचा अर्थ.

जागेइतकीच ती जागती ठेवणारी माणसेही हवीत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, तेव्हा संस्थापक विनायक लक्ष्मण भावे अवघे एकवीस वर्षांचे होते. ते ग्रंथालय आजही वाचकांच्या सेवेत आहे.

डोंबिवलीचे गणेश मंदिर १९२४ सालचे. पुढे नोकरीनिमित्त ठिकठिकाणची माणसे तेथे येऊन राहिली. पहाटेची लोकल धरायची, रात्री निजायला यायचे. शेजारी शेजाऱ्याला ओळखेना. अशा शहरात मंदिराच्या पुढाकाराने १९९९ साली गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि अनोळखी माणसे एका रस्त्याने चालली. पुढे ठाण्यात, गिरगावातही तोच पायंडा पडला.

आज कल्याण-डोंबिवलीच्या आसपास गुंठ्याला सोन्याचा भाव आहे. देवळाभोवती गाळे काढावेत, भाडे येईल, असे कोणी सुचवील. भाडे येईलही, पण गेलेला पार पुन्हा मिळायचा नाही.

म्हणून या शुभप्रसंगी गावाने चार गोष्टींचा संकल्प करावा. पटांगणात एकही पक्की भिंत उठू नये. तेथे येण्यास जातीवरून वा बाईमाणूस म्हणून कोणास मज्जाव नसावा. कालपरवा भाड्याने राहावयास आलेल्यालाही गावकऱ्याचा मान मिळावा. आणि जमाखर्चाचा तक्ता दरसाल देवळाच्या दर्शनी भिंतीवर लावावा. हिशेब उघडा असला की मने साफ राहतात.

एवढे झाले तर जीर्णोद्धार देवळाचा झाला, तसा गावाचाही झाला, असे म्हणता येईल. ग्रामदैवत तशी सद्बुद्धी देवो.