मिरजेची जवारी आणि गिटारचा ध्वनिवर्धक

सांगलीपासून तीन कोसांवर मिरजेच्या सतारमेकर गल्लींत सकाळच्या वेळीं कोणी गेलें, तर कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवीत बसलेला दिसतो. दोन हात मारावयाचे, तार छेडावयाची, कान द्यावयाचा, पुन्हा दोन हात मारावयाचे. असा क्रम बराच वेळ चालतो. यालाच जवारी काढणें म्हणतात. फरीदसाहेब शिकलगारांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, हें काम या गांवीं चालत आलें आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. त्याच सांगली-मिरजेच्या घरांतून आज मुलांच्या हातीं विजेची गिटार आली आहे. तिच्याबरोबर येणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या पेटीवर पांचसहा बटणें असतात. तीं कशासाठीं आहेत हें ठाऊक नसल्यानें मुलगा सारींच बटणें उजवीकडे पिळतो आणि घरचीं वडील माणसें दारें लावून घेतात. वस्तुतः या बटणांचें काम मिरजेच्या कारागिरास परकें वाटण्याजोगें नाहीं.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी किंचित् उतरता असतो. तार त्याला घासत, सुटत, पुन्हा घासत कंप पावते, आणि मूळ षड्जाबरोबर त्याचे वरचे स्वयंभू स्वर झंकारूं लागतात. एरवीं तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूमुळें कांहीं स्वयंभू स्वर उमटूंच नयेत. परंतु तंबोऱ्यांत व वीणेंत ते उमटतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालींच दाखवून दिलें होतें. ही सारी करामत घोडीची.

आतां पेटीकडे वळावें. पहिलें बटण ‘गेन’. गिटारच्या तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. त्यांत उत्पन्न होणारा विद्युत्संकेत अतिशय क्षीण. तो पहिल्या टप्प्यांत किती वाढवावयाचा हें गेन ठरवितो. खोलींत आवाज किती मोठा यावा हें ठरविणारें बटण निराळें. त्याला ‘मास्टर’ किंवा ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. बहुतेक घोटाळा या दोहोंची गल्लत केल्यानें होतो. व्हॉल्व्ह असो वा ट्रान्झिस्टर, त्याच्या पेलण्याला मर्यादा आहे. ध्वनिलहर त्या मर्यादेपलीकडे नेली कीं तिचा माथा छाटला जातो, आणि छाटलेल्या लहरींतून नवे स्वयंभू स्वर फुटतात. थोडा छाटला तर आवाजास धार येते. फार छाटला तर नुसती खरखर उरते, आणि हलका आघात व जोरकस आघात यांतला भेदहि नाहींसा होतो. म्हणजे गेन ही विजेची जवारीच होय; मात्र ती चुकीची लागली तर कानशीचे श्रम नाहींत, बटण मागें फिरविलें कीं झालें.

लंडनच्या जिम मार्शल यांनीं १९६२-६३ च्या सुमारास अमेरिकेंतील फेंडर बासमन या पेटीच्या नमुन्यावर आपली पहिली पेटी सिद्ध केली. तिच्यावर वेगळें मास्टर बटण नव्हतें. ती धार हवी असेल तर आवाज प्रचंड वाढविणें भागच पडे. पुढें १९७५ सालीं त्याच कंपनीनें मास्टर बटणाची पेटी काढली. घरांत सराव करणाऱ्याची सोय यांतच आहे: गेन हवा तितका वर, मास्टर अगदीं खालीं. आणखी एक गोष्ट पैसे देणाऱ्या पालकांसाठीं. दहा वॅटच्या जागीं शंभर वॅटची पेटी आणली, तरी कानाला आवाज सुमारें दुप्पटच वाटतो.

गेन चढलेला असतां दोन स्वर एकदम वाजविले, तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर निर्माण होतो. षड्ज २०० व पंचम ३०० धरला, तर वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकांतला षड्जच. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी भरपूर गेनवरहि भरदार लागते. जी जोडी तंबोऱ्याला मानवली तीच या परदेशी पेटीलाहि मानवावी, हें मौजेचें खरें. परंतु गिटारच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधाराहून किंचित् चढा असतो. तो २५० च्या जागीं सुमारें २५२ वर बोलतो, वजाबाकी ५० च्या ऐवजीं ५२ येते, आणि सगळेंच गढूळ होतें. सहाहि तारा छेडून पूर्ण स्वरमेळ वाजवावयाचा असेल, तर गेन उतरविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

राहिलीं बेस, मिडल व ट्रेबल हीं तीन बटणें. जुन्या फेंडर-मार्शल धर्तीच्या पेट्यांत तीं आवाजांत कांहींच भर घालीत नाहींत. फक्त कमी करतात, आणि एकाला हात लावला तर दुसऱ्याच्या कामांतहि फरक पडतो. तिन्ही मध्यावर ठेवलीं म्हणजे स्वर जसाच्या तसा येतो हा समजहि खोटा. तेथें मधल्या पट्टींत खळगा असतो. घरीं एकट्यानें वाजवितांना मिडल उतरविला तर आवाज गोड वाटतो. त्याच गिटारला तबला-ढोलकीची व गायकाची सोबत मिळाली कीं ती ऐकूंच येत नाहीं, कारण तिचें बोलणें असतें तें त्या मधल्या पट्टींतच.

यांतून फजिती होते ती कार्यक्रमाच्या दिवशीं. लहान आवाजांत मानवी कानाला खर्ज कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन या संशोधकांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. म्हणून रात्रीं बंद खोलींत बेस चढवून जो आवाज मनासारखा लावला, तोच दुसऱ्या दिवशीं विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारख्या सभागृहांत मोठा करतांच घुमूं लागतो आणि गायकाचे शब्द गिळून टाकतो. घरची बटणें तशींच ठेवून तेथें जाणें व्यर्थ. पेटी जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवावी, म्हणजे घुमारा थोडा कमी होतो व वाजविणाऱ्यासहि स्वतःचा आवाज कळतो. गेन घरच्यापेक्षां कमी ठेवावा, मिडल वर घ्यावा. रिकाम्या सभागृहांत लावलेला आवाज प्रेक्षक भरल्यावर मंद वाटतो, कारण माणसें व त्यांचे कपडे वरचे स्वर शोषून घेतात. तेव्हां ट्रेबल जरासा वाढवावा. मागच्या रांगेंत एक जाणता मित्र बसवावा. त्यानें हात खालीं केला, तर प्रथम बेस उतरवावा, मग मास्टर.