आपल्या वाट्याचं दान

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात झालेल्या भाषणावरून)



महाराज मंडळी, विणेकरी, टाळकरी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या मायबहिणी, आणि पहाटे तीनला चूल पेटवणारे आचारी. मला कीर्तन येत नाही. हिशेबाची वही माझ्याकडं असते, म्हणून मला उभं केलंय. तेव्हा मी पैशाबद्दलच बोलणार. शताब्दीचा निधी जमवायचं ठरलं, वही फिरायला लागली, आणि जो भेटतो तो विचारतो, ‘आम्ही किती लिहू?’

किती, याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. लिहावं का?

तुकोबारायांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दुष्काळ होऊन गेलेला, लोकांकडं येणं असलेले घराण्याचे कागद होते, ते त्यांनी नदीला दिले. पण त्यातला एक बारकावा आपण घाईत उरकतो. परंपरेनं आलेल्या चरित्रात असं आहे की आधी कागदांच्या दोन वाटण्या झाल्या. धाकटे बंधू कान्होबा यांना प्रपंच चालवायचा होता. त्यांचा निम्मा वाटा त्यांच्या हाती दिला. नदीत गेला तो स्वतःचा निम्मा. एवढ्या विरक्त माणसानं भावाच्या वाट्याला हात लावला नाही! आणि आपण? घरात सोसायटीचं कर्ज थकलेलं, नातीची कॉलेजची फी भरायची राहिलेली, आणि आजोबा चारचौघांत अकरा हजार लिहून मोकळे होतात. ते अकरा हजार आजोबांचे नसतात. सुनेला तर कुणी विचारलेलंही नसतं.

एका माउलीनं परवा मला सांगितलं, पंगतीसाठी बचत गटातून उचल काढते. मी नाव लिहून घेतलं नाही. तिला राग आला, अजून आहे. पण गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगत फिरले ना, की कर्ज काढून सण करू नका, जेवणावळी घालू नका, पोरांना शाळेत घाला? त्याच बाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूरला, आळंदीला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. म्हणजे बाबा दानाच्या विरुद्ध नव्हते. उसन्या दानाच्या विरुद्ध होते.

आता ज्याच्याकडं आहे त्यानं कुठं द्यावं? आपला रस्ताच बघा. पुण्यात पालखी मुक्कामी असते तेव्हा केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, टोप्या, रेनकोट… दोन हात पुरत नाहीत. सकाळी रस्त्यावर सालींचा आणि पत्रावळींचा खच पडलेला असतो. देणाऱ्यांचा भाव खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण पोट एकच आहे की! दिवे घाट चढलो, सासवड-जेजुरी मागं पडली, नीरा ओलांडून लोणंदच्या पुढं निघालो की गरज बदलते. तिथली माणसंही आपल्या घासातली पिठलं-भाकरी देतात. कमी पडतो तो आडोसा. फिरती शौचालयं आता आली आहेत, पण रांग किती असते ते बायकांना विचारा. आमच्या कित्येक माउल्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, जायचं कुठं म्हणून. कमी पडतं पाणी, पायाला आलेल्या फोडांचं मलम, रक्तदाबाची संपलेली गोळी. शंभरावं केळं देण्यापेक्षा टँकरची एक खेप द्या. त्यावर नाव लागत नाही, हे खरं.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. गावात कुणाचं ऑपरेशन निघालं की वर्गणीचा डबा फिरतो. फिरावा. पण त्याआधी एक चौकशी करा. महाराष्ट्रात ज्या मोठ्या दवाखान्यांची नोंदणी धर्मादाय म्हणून आहे, त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. कायदाच आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायचं. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारायचं. पैसे नसले तरी चालतील, पण सोबत जाणारा, न घाबरता बोलणारा एक माणूस द्या. मुंबईला कॅन्सरसाठी जावं लागलं, तर दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणि नातेवाईक तिथं राहतात. कुणीतरी पूर्वी दिलेलं दान आहे ते, आपल्याला ठाऊक असलं तरच उपयोगी पडतं.

आणि विचारायला लाजू नका. भगवे कपडे घालून आला, मोबाईलवर कोड दाखवला, म्हणून पैसे सोडू नका. संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारा, पावती मागा. कोड स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतंय ते वाचा, मगच पिन दाबा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी काढतात. प्राप्तिकराची सवलत हवी असेल त्यांनी २,००० रुपयांच्या वरचं दान रोख देऊ नये. आमच्याकडंही पावती मागा. मागितली नाही तर मी स्वतः हातात देईन.

राहता राहिली आपल्या निधीची गोष्ट. एक मत आहे, दगडी कमान बांधावी, देणाऱ्यांची नावं कोरावी. माझं मत वेगळं आहे आणि महाराजांना ते ठाऊक आहे. दरवर्षी ज्येष्ठात दोन-चार जणी सांगतात, ‘औंदा गुडघे धरलेत, येत नाही.’ गुडघे धडधाकट असतात. भिशी भरायला जमत नाही, एवढंच. वीस-वीस वर्षं चाललेल्या बाया त्या! निधीच्या व्याजातून अशांची भिशी परस्पर भरावी. कुणाची भरली ते मला आणि विणेकऱ्यांना कळेल, पंगतीत कुणाला कळणार नाही. भरणाऱ्याचंही नाव कळणार नाही.

सभेनं काय ते ठरवावं. कमान ठरली तर मी कमानीचा हिशेब ठेवीन. वही कार्तिकीपर्यंत उघडी आहे, आज लिहायची घाई नाही. घरी जा, घरच्यांना विचारा. ज्या माउलीचं नाव मी लिहून घेतलं नाही त्या समोरच बसल्यात. पंगतीत वाढायला त्या आजही पुढं होत्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!