बणीठणी : मुख आणि भाव



राजस्थानातील किशनगढ संस्थानात अठराव्या शतकाच्या मध्यास रंगविलेले, निहालचंद या चित्रकाराचे मानले जाणारे एका स्त्रीचे चित्र 'बणीठणी' या नावाने ख्यात आहे. त्याला भारताची 'मोनालिसा' म्हणण्याचा प्रघात आहे. ही तुलना गौरवाची असली, तरी चित्र समजून घेताना ती अडसर ठरते.

लिओनार्दोची मोनालिसा पाहणाऱ्याकडे पाहते. तिच्या स्मिताचे गूढ ओठांच्या कडांशी विरघळणाऱ्या छायेत आहे. बणीठणीचा भाव मात्र रेषेत आहे. धनुष्यासारखी भुवई, कानाच्या दिशेने वर ओढलेला दीर्घ नेत्र, टोकदार नाक, निमुळती हनुवटी, गालावर उतरलेली बट. मुख एका बाजूने दाखविल्यामुळे तिची दृष्टी आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. ती आपल्याच चिंतनात मग्न भासते.

एका हातात तिने कमळाच्या कळ्या धरल्या आहेत. दुसऱ्या हाताच्या बोटांत झिरझिरीत ओढणीची कड आहे. ही ओढणी झाकते आणि दाखवितेही. लज्जा आणि अनुराग यांना एकाच वस्त्राने व्यक्त केले आहे. कमलनयना ही कवींची जुनी उपमा. येथे तो नेत्र खरोखरच कमलदलाचा आकार घेतो. कृष्णभक्तीत रमलेल्या त्या दरबारात ही चिन्हे राधेची होती. १९७३ साली भारतीय टपाल खात्याने हे चित्र तिकिटावर छापले, तेही 'राधा' म्हणूनच.

मग त्या मुखावरून एका व्यक्तीचा स्वभाव वाचावा काय? येथे सावध राहिले पाहिजे. किशनगढ शैलीतील इतर स्त्रियांना, इतकेच नव्हे तर कृष्णालाही, असाच नेत्र लाभला आहे. एका बाजूने मुख रंगविणे हाही त्या काळचा संकेतच. ज्याला आपण तिची अंतर्मुखता म्हणतो, तिच्यात शैलीचा वाटा मोठा आहे.

परंपरेनुसार बणीठणी ही राजा सावंतसिंह, म्हणजेच कवी नागरीदास, याची प्रिया. 'बणीठणी' म्हणजे नटलेली-सजलेली. नावातही साजशृंगारच उरला. परंतु ती स्वतः 'रसिकबिहारी' या नावाने पदे रचीत असे. चित्र राधेचा भाव दाखविते. त्या स्त्रीचे मन जाणून घ्यावयाचे असेल, तर चित्रापुढून उठून तिच्या पदांकडे वळावे लागेल.