दोघांनी घेतलेले माप

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त मोहगाव येथे दिलेले भाषण)



महोत्सवी वर्षात शाळकरी मुलींच्या रक्ताची तपासणी करावी आणि ज्यांच्या अंगी रक्त कमी आढळेल त्यांस ट्रस्टच्या खर्चाने गोळ्या द्याव्यात, असा विचार विश्वस्तांपुढे आहे. विचार स्तुत्य आहे. त्यास अनुसरून आम्ही आज एवढाच प्रश्न घेतो की, वैद्यकातील मापावर विश्वास केव्हा ठेवावा? विषय रुक्ष वाटेल. ज्या मुलीचे माप चुकले तिला तो रुक्ष वाटणार नाही.

आपल्या भागातला शेतकरी कापसाचे एका काट्यावरचे वजन पटले नाही, तर गाडी दुसऱ्या काट्यावर नेतो. पहिला आकडा मात्र तो दुसऱ्यास सांगत नाही. सांगितला तर दुसऱ्या वजनाला अर्थ काय उरला? हे शहाणपण दुखण्याच्या वेळी आपल्याला आठवत नाही. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि 'रक्त कमी आहे' म्हटले, की आपण मान डोलावतो.

नागपूरपलीकडे वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. तेथील महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतल्या डॉ. कलंत्री आदी मंडळींनी नेमक्या याच गोष्टीची परीक्षा घेतली आणि २०१० साली ती प्रसिद्ध केली. ३९० रुग्णांच्या पापण्या, जीभ, तळहात व नखे यांचा फिकेपणा पाहण्यात आला. पाहणाऱ्यांस रक्ताचा आकडा ठाऊक नव्हता. आणि दोन परीक्षकांचे मत जुळते काय, हेही ताडून पाहिले. अशी जुळणी मोजण्यासाठी 'कप्पा' नावाचा अंक वापरतात. त्याची गंमत शिक्षकांस चटकन कळेल. दोन परीक्षकांनी पेपर न वाचताच दहांपैकी नऊ मुलांस पास करण्याचे ठरविले, तरी शंभर पेपरांपैकी सुमारे ब्याऐंशींचे निकाल जुळतील! ही आयती जुळणी वजा करून जे उरते ते कप्पा दाखवितो. पूर्ण जुळणीस १, निव्वळ योगायोगास शून्य. सेवाग्रामला पापणीच्या बाबतीत तो ०.०७ आला आणि जिभेच्या बाबतीत ०.२०. म्हणजे दोघे शिकलेले परीक्षक एकाच पापणीकडे पाहत होते, आणि त्यांचे जुळणे योगायोगाहून फारसे वेगळे नव्हते. स्वतःच्याच नजरेची अशी तपासणी करून तिचा निकाल छापणाऱ्या मंडळींबद्दल आम्हांस मोठा आदर वाटतो.

याच गावी क्षयाच्या संसर्गाची एक रक्तचाचणीही अशीच पारखली गेली. १४ आरोग्यसेवकांचे रक्त बारा दिवसांत चार वेळा घेतले, आणि प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत दोनदा तपासला. एकाच नमुन्याच्या दोन तपासण्या जवळजवळ तंतोतंत जुळल्या. तेथे कप्पा ०.९४ होता. परंतु त्याच माणसाच्या रक्ताचे आकडे दिवसागणिक बरेच खालीवर होत होते. यंत्राचे चुकणे निराळे आणि शरीराचे बदलणे निराळे. यंत्र उत्तम असले तरी एका दिवसाच्या एका आकड्यावर माणसाचा निकाल लावता येत नाही, ही गोष्ट २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या अभ्यासातून दिसते.

आता आपल्या शिबिराकडे वळू. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमांहून कमी असले तर रक्तक्षय मानतात. ११.८ आली ती आजारी, १२.१ आली ती निरोगी. आणि एवढा फरक तर बोट कसे दाबले यावरूनही पडू शकतो. बोट पिळले की पेशींमधला पाणीदार रस रक्तात मिसळतो. पहिला थेंब पुसून टाकला नाही, नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तरी आकडा बिघडतो. (कॉलेजात ज्यांनी साहलीच्या नळीत रंग जुळवून पाहिला असेल, त्यांस शेजारच्या विद्यार्थ्याचा आकडा कधी जुळत नसे हे आठवत असेल.)

हा घोळ देशाच्या आकड्यांतही दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, पाच वर्षांखालील बालकांत ६७.१ टक्के रक्तक्षय निघाला. तेथे बोटाचे रक्त घेतले होते. त्याआधी २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेचे रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत तो सुमारे ४१ टक्के होता. दोहोंतील वये व वर्षे अगदी एक नाहीत. पहिल्यात सहा महिन्यांपासूनची तान्ही मुलेही होती, आणि त्यांच्यात रक्तक्षय अधिकच असतो. तरीही एवढी तफावत निव्वळ वयाने पडली असे आम्हांस वाटत नाही.

सिकलसेलचा प्रश्न तर आपल्या दाराशीच आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाले. शिबिरात जी झटपट विद्राव्यता चाचणी होते, ती दोष आहे एवढेच सांगते. मुलगी केवळ वाहक आहे की रोगी, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. शिवाय रक्त फारच कमी असेल तर ही झटपट चाचणी दोष असूनही 'नाही' म्हणू शकते. म्हणजे सर्वांत अशक्त मुलगीच तिच्यातून निसटण्याची भीती. अशा मुलीला लोहाच्या गोळ्या देऊन घरी धाडले, तर तिचा खरा रोग झाकलेला राहील. उलट नुसत्या वाहक मुलीवर गावाने रोगाचा शिक्का मारला, तर पुढे तिच्या लग्नाच्या वेळी काय होईल, हे येथे बसलेल्या माताभगिनींस आम्ही सांगावयास नको.

म्हणून आमची सूचना अशी. पाचशे मुलींस एकदा तपासण्यापेक्षा तीनशेच तपासाव्यात, पण नीट. रक्त शिरेतून घ्यावे. दर दहांतील एका नमुन्याचे दोन भाग करून, नाव न लिहिता, केवळ खुणेचा अंक घालून, दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावे. पहिला आकडा तिला कळवू नये. जेथे दोन्ही आकडे फार फुटतील तेथे त्या दिवसाची सर्व तपासणी पुन्हा करावी. ज्यांचा आकडा १२ च्या आसपास आहे त्या मुलींस महिन्याभराने परत बोलवावे. आणि सिकलसेलचा निकाल पक्की तपासणी झाल्याशिवाय कोणाच्या कार्डावर लिहू नये. लिहिला तरी तो आईबापांच्या हाती द्यावा, फलकावर लावू नये.

यास खर्च अधिक येईल. किती, याचा अंदाज विश्वस्तांनी नागपूरहून मागवावा आणि पुढील सभेत ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.