खोडलेल्या ओळी



भाषा शिकविणाऱ्याने स्वतः लिहावे काय, असे मला अनेकदा विचारले जाते. काशीत या प्रश्नाचा विचार करताना गजानन माधव मुक्तिबोध आठवल्यावाचून राहत नाहीत. १९१७ साली श्योपूर येथे मराठी घरात जन्मलेले मुक्तिबोध हिंदीतील थोर कवी झाले; पण त्यांचा चरितार्थ दीर्घकाळ मास्तरकीवर चालला. उज्जैन, शुजालपूर, जबलपूर येथील शाळा आणि १९५८ पासून राजनांदगावचे महाविद्यालय.

१९४५ च्या सुमारास ते याच वाराणसीत ‘हंस’ मासिकात काम करीत होते. ‘हंस’ प्रेमचंदांनी १९३० साली सुरू केलेले. मुक्तिबोधांच्या आईला प्रेमचंद आणि आपले हरिभाऊ आपटे, दोघेही प्रिय. स्वयंपाकघरातून निघालेला वाचनाचा धागा थेट त्या मासिकापर्यंत पोहोचला, याचे मला नवल वाटते. (पालकहो, घरात कोणीच वाचत नसेल, तर एकट्या शाळेने किती करावे?) धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरात प्राध्यापक, त्यांनी मराठीत लिहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा संग्रह १९४९ चा. एकाच आईची दोन मुले, दोघेही शिक्षक, दोघेही कवी, भाषा मात्र दोन. काशीतल्या मराठी कुटुंबांना यात काही विपरीत वाटणार नाही.

लिहिणाऱ्या शिक्षकाला मिळते काय? गजाननरावांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, ते गेले. पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. कीर्तीसाठी लिहावे, असे त्यांचे उदाहरण देऊन मी कोणाही तरुण शिक्षकाला सांगू शकणार नाही.

मात्र एक गोष्ट सांगता येते. दीर्घ कविता ते पुनःपुन्हा लिहीत, मोडीत, नव्याने मांडीत. स्वतःची ओळ दहादा खोडलेल्या माणसाला मुलाच्या वहीतली खाडाखोड अस्वच्छता वाटत नाही. तेथे मूल विचार करीत होते, हे त्याला दिसते. मीही थोडेफार लिहितो. त्यातले छापण्याजोगे अल्पच, पण मुलांच्या वह्या वाचण्याची दृष्टी मला त्या लेखनानेच दिली.

म्हणून निबंधाच्या पक्क्या वहीबरोबर मी कच्ची वहीही मागून घेतो. तिला गुण देत नाही. खोडलेला एखादा शब्द ठेवलेल्या शब्दाहून सरस वाटला, तर समासात तेवढे लिहितो आणि वही परत करतो.