दस्तरखानावर बोटी, तरी रक्त कमी कसं?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या रक्तदानापासूनच सुरुवात करते. मी नोंदणीच्या टेबलावर होते. अठरा-वीस वर्षांच्या मुली हौसेनं रांगेत आल्या, बोटाला टोचून घेतलं आणि एकामागून एक परत गेल्या. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. एकीचं १०.२ निघालं. तिची अम्मी म्हणाली, "मशीन बिघडली असेल. आमच्या घरी गोश्त शिजतं, हिला काय कमी?"

मशीन ठीक होती. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, आणि त्या अम्मींना द्यायचं उत्तर दोन मिनिटांत बसत नव्हतं. म्हणून आजचा ठरलेला विषय बाजूला ठेवते.

आपल्या शरीरात एकूण लोह असतं तीन-चार ग्रॅम. एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं बहुतेक तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये. पेशी साधारण १२० दिवस जगते, मग प्लीहा आणि यकृतातल्या पेशी तिला मोडतात आणि लोह काढून परत कामाला लावतात. रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह असं फिरत राहतं. भंगारवाल्यासारखा काटकसरी कारभार आहे हा. बाहेरून रोज शोषलं जातं ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम.

एवढी कंजुषी का? कारण मोकळं लोह विषारी असतं, पेशींना जाळतं. आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. किडनी ते टाकत नाही. मग उरतो एकच उपाय: दारावरच पहारा. दार म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. पहारेकरी आहे हेप्सिडिन नावाचं, यकृतात तयार होणारं हार्मोन. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्याच्या पेशीतून रक्तात जायची वाट बंद होते. लोह त्या पेशीतच अडकतं, आणि तीन-चार दिवसांत पेशी झडली की तिच्याबरोबर निघून जातं. साठा कमी झाला की हेप्सिडिन उतरतं, वाट उघडते. अंगात ताप किंवा जुनी सूज असेल तरी हेप्सिडिन वाढतं, कारण जंतूंनाही लोह हवंच असतं. म्हणून सतत आजारी असणाऱ्याचं रक्त गोळ्या खाऊनही लवकर वाढत नाही.

आता गोश्ताचा मुद्दा. अम्मींचं अर्धं बरोबर होतं. मांसातल्या लोहाचा एक भाग 'हीम'च्या स्वरूपात असतो, त्याला आत जायला वेगळी वाट आहे, आणि तो चांगला शोषला जातो. डाळ, भाजी, बाजरीतलं लोह मात्र आधी आतड्याच्या पृष्ठभागावर रूप बदलतं, मग आत शिरतं. क जीवनसत्त्व या कामात मदत करतं. चहातले टॅनिन आणि धान्याच्या कोंड्यातलं फायटेट लोहाला बाहेरच धरून ठेवतात. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या स्त्रियांवर एक अभ्यास झाला होता. पाव आणि भातासोबत चहा दिला तर लोहाचं शोषण बरंच घटलं. शिजवलेल्या हिमोग्लोबिनवर मात्र चहाचा परिणाम झाला नाही.

म्हणजे गोश्त जिंकलं? थांबा. ताटात किती येतं ते बघा. पन्नास ग्रॅम मटणात लोह असतं एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही सगळं हीम नसतं. आठवड्यातून दोनदा सालन होतं. बोट्या आधी अब्बांना, मग भावाला, मग पाहुण्यांना. मुलीच्या वाट्याला शोरवा आणि बटाटा. बाकीचे पाच दिवस सकाळी चहा-खारी, दुपारी चपाती-भाजी आणि वर पुन्हा चहा. घरात गोश्त शिजतं आणि मुलगी गोश्त खाते, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. इथे बसलेल्या भावांनो, हे तुम्हालाही सांगतेय.

वर तिचा खर्च जास्त. पाळीमुळे तिला सरासरी रोज अर्धा मिलिग्रॅम लोह जादा लागतं. पाळी जास्त जात असेल तर त्याहून अधिक, आणि हे घरात कोणी विचारतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांत २५ टक्के. सगळाच रक्तक्षय लोहाचा नसतो, पण लोह हे त्याचं मोठं कारण आहे. दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, केस गळतात, आणि घरचे म्हणतात, "आळशी आहे."

मग करायचं काय? चहा सोडा असं मी सांगणार नाही. मलाच जमत नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तास अंतर ठेवा. रोज्यात इफ्तारच्या जेवणाबरोबर लिंबाचं सरबत ठेवा आणि चहा तरावीहनंतर घ्या. डाळीवर लिंबू पिळा, भाजीबरोबर पेरू किंवा आवळा खा. आणि आठवड्यातून एकदा कलेजी झाली तर मुलीच्या ताटात आधी वाढा; फक्त घरात कोणी गरोदर असेल तर तिला कलेजी देऊ नका, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

रक्त १० पर्यंत उतरलं असेल तर नुसत्या आहारानं भरत नाही, गोळी लागते. शाळेतली निळी गोळी आठवते? आम्ही ती खिडकीतून फेकायचो. तिनं शौच काळी होते, मळमळतं, म्हणून लोक दोन दिवसांत सोडतात. इथे हेप्सिडिन पुन्हा येतं. गोळी घेतली की ते वाढतं आणि दुसऱ्या दिवशीही चढलेलं राहतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांनी एक दिवसाआड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह शोषलं जातं. रोज सहन होत नसेल तर डॉक्टरांना याबद्दल विचारा. पण आधी तपासणी करा, फेरिटिनसुद्धा. थॅलेसेमिया मायनर असेल तरी हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि तिथे उगाच लोह घेणं चुकीचं. आणि एखाद्या मुलाचं किंवा पुरुषाचं रक्त कमी निघालं तर आधी विचारा, ते जातंय कुठून.

सकाळी परत गेलेल्या सात मुलींचे नंबर माझ्याकडे आहेत. रक्तदानाच्या एका पिशवीतून साधारण १५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह जातं, म्हणून त्यांना पुढच्या शिबिराला बोलावण्याची मला घाई नाही. उद्या दहा वाजता त्या तपासणीला येणार आहेत. अम्म्यांनाही बोलावलंय.