हाडांचं चित्र आणि किरणांचा हिशेब



हाडांच्या स्कॅनविषयी बोलायला कवीला कशाला बोलावलं, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. पण घरातल्या आजारपणामुळे अणुवैद्यक विभागांच्या बाकांवर बराच काळ बसलो, तिथल्या लोकांना प्रश्न विचारत राहिलो, मिळेल ते वाचत गेलो. बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला जे सांगावंसं वाटत होतं, तेच आज सांगणार आहे.

‘अणू’ म्हटलं की आपल्याला हिरोशिमा आठवतं, नाहीतर तारापूर. त्यामुळे बोन स्कॅनसाठी अंगात किरणोत्सारी औषध टोचतात, हे कळलं की घरात कुजबुज सुरू होते. ‘नकोच तो स्कॅन,’ असंही कधी कधी ठरतं. म्हणून आधी हे सांगतो, की हा स्कॅन फार कामाचा आहे. साध्या एक्स-रेमध्ये हाडातला बिघाड दिसायला तिथल्या खनिजांचा मोठा हिस्सा, साधारण तिसरा भाग ते निम्मा, नाहीसा व्हावा लागतो. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरला आहे का, हे बोन स्कॅन पुष्कळदा त्याच्या बरंच आधी सांगतो. एक्स-रे हाडाचा आकार बघतो, हा स्कॅन हाडात चाललेलं काम बघतो. जिथे हाड झिजून पुन्हा बांधलं जात असतं, तिथे टोचलेलं औषध जास्त गोळा होतं आणि चित्रात तो ठिपका गडद उमटतो.

त्या औषधात दोन सोबती असतात. एक एमडीपी नावाचं फॉस्फरसचं संयुग, त्याला हाडाची ओढ. दुसरं टेक्नेशियम-९९एम, ते किरण सोडतं आणि आपण कुठे पोचलो हे बाहेर कळवतं. हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मो इथे सेग्रे आणि पेरिए या दोघांनी ओळखलं. माणसानं कृत्रिमरीत्या घडवलेलं ते पहिलं मूलद्रव्य. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं. म्हणजे सकाळी दहाला जेवढं होतं, त्याच्या निम्मं दुपारी चारला आणि दुसऱ्या दिवशी दहाला फक्त सोळावा हिस्सा. साठवून ठेवता येत नाही म्हणून रुग्णालयात मॉलिब्डेनमचं जनित्र ठेवतात आणि त्यातून रोज ताजं टेक्नेशियम काढतात. परदेशी तंत्रज्ञांनी त्याला गमतीनं ‘गाय’ म्हटलं आणि ते नाव जगभर झालं. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये अणुवैद्यकाचं काम १९६३ पासून चालू आहे.

आता हिशेबाकडे येऊ. प्रौढ माणसाला सुमारे २० मिलिक्युरी औषध दिलं, तर शरीराला साधारण ४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. माती, आकाश, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते. म्हणजे स्कॅनमधून मिळणारी मात्रा दीड-पावणेदोन वर्षांच्या निसर्गाएवढी. घाबरून पळावं इतकी ती नाही. पण कर्करोगाच्या रुग्णाला हा स्कॅन पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि कमी मात्रेत भागत असेल तर जास्त का द्यायची, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतल्या अणुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी २० ते ३० मिलिक्युरी सांगितलं आहे, तर युरोपच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ८ ते २०. हाडं तीच, मूत्रपिंडं तीच. अटलांटिक ओलांडला की आकडा बदलतो. मला याची मोठी गंमत वाटली होती.

मग सरसकट निम्मं करून टाकावं का? इथे खरी अडचण आहे. अंगातून निघालेल्या किरणांपैकी फारच थोडे कॅमेऱ्याच्या पडद्यावर पोचतात. कॅमेऱ्यापुढे शिशाची जाळी असते, ती फक्त सरळ येणाऱ्यांना आत सोडते. दहा हजारांतला एखाद-दुसरा पलीकडे जातो. अंगणात पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा कुठे फरशी, कुठे माती हे ओलाव्यावरून ओळखता येत नाही. चार थेंब इथे, दोन तिथे. सर बरसली की अंगणाचा नकाशा स्पष्ट होतो. स्कॅनचंही तसंच. संपूर्ण शरीराचं समोरून चित्र नीट यायला पंधरा लाखांहून अधिक किरण मोजावे लागतात. औषध निम्मं केलं आणि वेळ तेवढाच ठेवला, तर चित्रातला दाणेदारपणा वाढतो. मग मणक्यातला लहानसा ठिपका निसटतो, किंवा ‘पुन्हा या’ असं सांगावं लागतं. चित्रच कामाचं आलं नाही तर जी थोडी मात्रा दिली, तीसुद्धा वाया गेली.

वेळ दुप्पट करावा म्हटलं, तर कण्याच्या दुखण्यानं बेजार झालेल्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं उताणं पडणंसुद्धा जड जातं. त्याला पाऊण तास कसं झोपवणार?

मुलांच्या बाबतीत हे सगळं आणखी अवघड. त्यांच्या पेशी वाढत्या, पुढचं आयुष्य लांब, हाडांची वाढती टोकं औषध भराभर ओढून घेणारी, आणि मूल स्वस्थ पडून राहणार नाही ते वेगळंच. २००८ मध्ये बॉस्टनचे डॉ. टेड ट्रेव्हीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या १३ बालरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. वजनाच्या किलोमागे कोण किती औषध देतं, यात सरासरी तिपटीचा फरक निघाला. अगदी लहानग्यांना द्यायच्या किमान मात्रेत तर त्याहून कितीतरी जास्त. ही सगळी नावाजलेली रुग्णालयं, आणि कुणी निष्काळजी होतं असंही नाही. ज्यानं त्यानं आपापली जुनी रीत चालू ठेवली होती. मग तज्ज्ञ एकत्र बसले आणि २०१० मध्ये एक आकडा ठरला : बोन स्कॅनसाठी मुलाच्या दर किलोला पाव मिलिक्युरी, आणि कमीत कमी एक. वीस किलोच्या मुलाला पाच मिलिक्युरी झाले. कुठलंही नवं यंत्र न आणता, नुसतं एकमेकांना विचारून हे घडलं. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

त्याच सुमारास संगणकाची मदत आली. जाळी आणि कॅमेरा चित्र नेमकं किती आणि कसं अस्पष्ट करतात, हे गणितात बसवून चित्र उलट्या दिशेनं पुन्हा घडवायचं, अशी ही पद्धत. २०१० मध्येच बॉस्टनच्या एका अभ्यासात मुलांच्या हाडांची त्रिमिती चित्रं या पद्धतीनं निम्म्याच मोजणीतून तयार केली, तरी ती जुन्या पद्धतीच्या पूर्ण मोजणीच्या चित्रांपेक्षा कमी ठरली नाहीत. त्यानंतर अधिक संवेदनक्षम कॅमेरे आले, आणि चित्रातला दाणेदारपणा काढायला शिकवलेले संगणकही आले. मात्र अशा संगणकानं पुसलेला डाग खरोखर नको असलेला होता की रोगाची खूण होती, हे डॉक्टरांनाच बघावं लागतं.

आणि एक उपाय असा, की ज्याला पैसे पडत नाहीत. टोचलेल्या औषधाचा साधारण निम्मा भाग हाडांत जातो, उरलेला लघवीवाटे बाहेर पडतो. तो मूत्राशयात जितका साठून राहील, तितकी तिथे मात्रा जास्त. म्हणून सुई आणि चित्र यांच्यामधल्या दोन-चार तासांत भरपूर पाणी प्यायचं आणि पुन्हा पुन्हा जाऊन यायचं. त्यानं चित्रही स्वच्छ येतं.

माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची, तारीख नेमकी रमजानमध्ये आली. ती रोजा सोडायला तयार नव्हती. आजाऱ्याला सवलत आहे, राहिलेला रोजा पुढे ठेवता येतो, हे मी तिला सांगितलं. ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. शेवटी सुई देणारी मुलगी म्हणाली, “मावशी, पाणी न प्याल तर औषध तुमच्याच पोटात बसून राहील.” तेव्हा कुठे आपानं ग्लास तोंडाला लावला. पण दोन घोटांवर थांबली. मला वाटलं, रोजा मोडल्याचं मनाला लागलं. कारण दुसरंच होतं. तिनं आधीच बायकांचं स्वच्छतागृह पाहून ठेवलं होतं. कडी तुटलेली, जमीन ओली, बाहेर रांग. बाकावरच्या गावाकडून आलेल्या बायाही पाण्याची बाटली पदराआड धरून कोरड्या घशानं बसल्या होत्या. लाखो-कोटींचा कॅमेरा भिंतीपलीकडे, आणि मात्रा कमी करणारी सगळ्यात स्वस्त सोय अशी. अणुवैद्यक विभागाच्या अंदाजपत्रकात स्वच्छ संडास हा वैद्यकीय खर्च म्हणून धरावा, असं माझं मत आहे, आणि मी ते विनोदानं सांगत नाही.

आजकाल बोन स्कॅनला जोडून सीटी काढतात. त्याचे किरण वेगळे आणि वरचे. ज्या भागाबद्दल शंका आहे तेवढ्याचाच, कमी मात्रेचा सीटी पुरतो का, हे विचारायला हरकत नाही. चांगले डॉक्टर अशा प्रश्नावर रागावत नाहीत. जुन्या स्कॅनच्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या; नुसतं तुलनेसाठी म्हणून केलेला दुसरा स्कॅन त्यानं कधी कधी टळतो. दिवस गेले असण्याची शंका असेल तर सुईच्या आधी सांगा. आणि मूल असेल तर त्याचं वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्या, अंदाजानं सांगू नका. औषध त्या आकड्यावरूनच मोजायचं असतं.